बसतो, पण जुळतो का?
जुन्या जीपच्या गिअरबॉक्सकडून घेतलेले काही धडे

हॉस्टेलच्या खोल्यांतून एक चक्कर मारली की दर तिसऱ्या भिंतीवर एखादी मस्टँग नाहीतर कॅमॅरो दिसते. कॉम्प्युटर गेममध्ये त्याच गाड्या, कॅन्टीनमधल्या गप्पांत त्याच गाड्या. अमेरिकेत या जुन्या 'मसल कार' दुरुस्त करणाऱ्यांचा मोठा वर्ग आहे, आणि त्यांच्या चर्चेतला एक विषय कधीच संपत नाही: गिअरबॉक्सचे पार्ट एकमेकांशी जुळवायचे कसे? दिसायला सारखे, नावही एकच, पण एक बसतो आणि दुसरा बसत नाही. त्याहून वाईट म्हणजे, दुसरा बसतो पण टिकत नाही.

आपल्या वर्धा जिल्ह्यात मसल कार कुठून येणार? पण हाच प्रश्न, अगदी याच स्वरूपात, आपल्याकडे एका दुसऱ्या गाडीने आणून ठेवलेला आहे. ती म्हणजे जुनी जीप. आर्वी, आष्टी, कारंजा भागातल्या संत्र्याच्या बागांतून अजूनही अशा जीपा दिसतात. माझ्या मामाजींकडे अशीच एक आहे. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत तिच्या दुरुस्तीत मी तीन आठवडे घातले आणि 'थिअरी ऑफ मशीन्स'मधलं गिअरचं प्रकरण मला तिथे खऱ्या अर्थाने समजलं. परीक्षेत पाच मार्कांचा प्रश्न म्हणून जे आपण पाठ करतो, त्याची किंमत प्रत्यक्षात किती असते हे सांगण्यासाठी हा लेख.

जीपची थोडी वंशावळ

दुसऱ्या महायुद्धातली विलीज एमबी ही या घराण्याची मूळ गाडी. तिचा तीन गिअरचा गिअरबॉक्स टी-८४ या नावाचा. युद्ध संपल्यावर १९४५ साली विलीजने नागरी जीप काढली, तिला जास्त दणकट टी-९० गिअरबॉक्स दिला. पुढे १९५३ साली सीजे-३बी आली. तिच्या इंजिनाचे इनटेक व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये गेले, इंजिन उंच झालं आणि म्हणून बॉनेटही उंच झालं. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ साली बंद पडलं, पण मुंबईच्या महिंद्राने त्यानंतरही कित्येक वर्षं ते बनवलं. आपल्याकडे 'जीप' म्हटलं की डोळ्यांसमोर जे उंच बॉनेटचं चौकोनी तोंड येतं ते हेच.

आता गंमत बघा. लष्कराच्या लिलावातून सुटलेल्या जीपा, महिंद्राच्या जीपा, हरियाणातल्या डबवालीसारख्या ठिकाणी जुन्या भागांतून नव्याने जुळवलेल्या जीपा, सगळ्यांचे भाग वर्षानुवर्षं एकमेकांत मिसळत गेले. आरसी बुकावर चासिस नंबर असतो, इंजिन नंबर असतो. गिअरबॉक्स, ट्रान्सफर आणि अ‍ॅक्सल कुठून आले याची नोंद कुठेच नसते. त्यामुळे गाडीचं मॉडेल माहीत आहे म्हणजे आतला पार्ट माहीत आहे, असं समजायचं काही कारण नाही.

मामाजींची तक्रार

मामाजींचं गाव नाल्यापलीकडे आहे. काळी माती, पावसाळ्यात पायातली चप्पल ओढून घेते अशी. बागेत खत न्यायचं, संत्री बाहेर काढायची, हे कामं तर आहेतच. पण पावसाळ्यात रात्री कोणाला दवाखान्यात, सेवाग्रामला न्यायचं झालं तर नाला ओलांडू शकणारी तीच एक गाडी. म्हणून ती चालू असण्याची काळजी एकट्या मामाजींना नसते, सगळ्या गावाला असते.

दोन पावसाळ्यांत तिच्या ट्रान्सफरमधल्या इंटरमिजिएट गिअरचे दात दोनदा तुटले. (ट्रान्सफर म्हणजे गिअरबॉक्सच्या मागे जोडलेला दुसरा छोटा डबा. इंजिनाची ताकद पुढच्या आणि मागच्या दोन्ही अ‍ॅक्सलना वाटून देण्याचं आणि 'लो' गिअर देण्याचं काम त्याचं.) दोन्ही वेळा एका गॅरेजने गिअर बदलून दिला, पैसे घेतले, गाडी चालू झाली. तिसऱ्या वेळी मामाजी म्हणाले, "गिअर कायले तुटते हे कोणी सांगतच नाही, नुसता बदलून देते."

प्रश्न अगदी बरोबर होता. मग आमच्या ओळखीचे एक जुने मिस्त्री, मामाजी आणि मी असे तिघे कामाला लागलो. मिस्त्री काका फार शिकलेले नाहीत, पण त्यांचं एक वाक्य मी वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे. नवा गिअर हातात घेऊन मी म्हटलं, "काका, हा तर बसतोय." ते हसले. "बसते तं दुसऱ्याची चप्पल बी पायात, पण ते आपली थोडी होते!"

'बसणं' आणि 'जुळणं' यातला हा फरक पुढे पाच धड्यांत सांगतो.

धडा पहिला: दात मोजा, मग भागाकार करा

टी-९० गिअरबॉक्सची गुणोत्तरं अशी: पहिला गिअर २.७९८, दुसरा १.५५१, तिसरा सरळ १ आणि रिव्हर्स ३.७९८. हे आकडे आकाशातून पडलेले नाहीत, ते दातांच्या संख्येचे भागाकार आहेत. इनपुट शाफ्टवर १८ दात आणि खालच्या क्लस्टरवर ३३, त्याच क्लस्टरवर पहिल्या गिअरसाठी १९ आणि वरच्या शाफ्टवर २९ धरले तर

(३३ ÷ १८) × (२९ ÷ १९) = २.७९८

बरोबर पुस्तकातला आकडा! दुसऱ्या गिअरसाठी २६ आणि २२ धरून बघा, १.५५१ येतो. रिव्हर्ससाठी १४ आणि २९ धरा, ३.७९८ येतो. कॅल्क्युलेटर घेऊन स्वतः करून बघावं.

यातून कळतं ते असं की इनपुट शाफ्टचा गिअर आणि क्लस्टर ही एक जोडी आहे. एकाचे दात बदलले तर दुसऱ्याचेही बदलावे लागतात, कारण दोन शाफ्टमधलं अंतर केसिंगमध्ये कायमचं ठरलेलं असतं. त्या जोडीपुरती दातांची बेरीज (इथे १८ अधिक ३३, म्हणजे ५१) कायम ठेवावी लागते. १८ ऐवजी १९ दातांचा इनपुट कोणी आणून दिला तर क्लस्टर ३२ चाच हवा, आणि मग सगळीच गुणोत्तरं बदलतील. म्हणून जुना पार्ट विकत घेताना पहिलं काम म्हणजे खडूने एका दातावर खूण करून शांतपणे दात मोजणं. दोनदा मोजायचे.

धडा दुसरा: दोन दातांमधलं अंतर डोळ्याला कळत नाही

अमेरिकन गिअर इंचात बनायचे. त्यांचं माप म्हणजे डायमेट्रल पिच, एका इंच व्यासामागे किती दात. आपण शिकतो ते मॉड्यूल, मिलिमीटरमध्ये. २५.४ ला डायमेट्रल पिचने भागलं की मॉड्यूल मिळतं. आता समजा एक गिअर १० डायमेट्रल पिचचा आहे. त्याचं मॉड्यूल २.५४ येतं. आणि कोणी आपल्याला २.५ मॉड्यूलचा गिअर दिला. दोघांत फरक दीड टक्क्याच्या आसपास. हातात घेऊन, दात दाताला लावून बघितला तर कोणीही म्हणेल, सारखाच आहे. फिरवून बघितला तर फिरेलही. पण लोड आला की एका वेळी जे दोन दात मिळून भार उचलायला हवे, त्यातला एकच उचलतो, आणि जोडी आवाज करत करत स्वतःला खाते.

हे ओळखायला महागडं यंत्र लागत नाही. आपल्या वर्कशॉपमधला व्हर्निअर पुरतो. जबड्यात ३ दात पकडून माप घ्या, मग ४ दात पकडून घ्या (गिअर लहान असेल तर २ आणि ३). दोन मापांमधला फरक म्हणजे बेस पिच. त्याचं सूत्र पाय × मॉड्यूल × प्रेशर अँगलचा कोसाइन. वरच्या उदाहरणासाठी आकडे असे येतात:

मॉड्यूल २.५, प्रेशर अँगल २० अंश : ७.३८ मिमी
१० डायमेट्रल पिच, २० अंश : ७.५० मिमी
मॉड्यूल २.५, प्रेशर अँगल १४.५ अंश : ७.६० मिमी
१० डायमेट्रल पिच, १४.५ अंश : ७.७३ मिमी

चार शक्यता आणि चारही आकडे वेगळे. प्रत्येक दोघांत दशांश मिलिमीटरहून जास्त फरक आहे, आणि व्हर्निअर ०.०२ पर्यंत वाचतो. फर्स्ट इयरला व्हर्निअरचं प्रॅक्टिकल करताना 'हे कशाला' असं वाटतं, त्याचं हे उत्तर. हेलिकल गिअर असेल तर व्हर्निअर दाताच्या दिशेला काटकोनात धरायचा. सर्वात महत्त्वाचं म्हणजे जोडीतल्या दोन्ही गिअरचं बेस पिच सारखं आलं पाहिजे. नाही आलं तर पुढचं काहीच बघायची गरज नाही, पार्ट परत.

धडा तिसरा: तिरपे दात, कडेचा भार

हेलिकल गिअरचे दात तिरपे असतात, म्हणून ते शांत चालतात. पण या शांततेची किंमत असते. तिरपेपणामुळे शाफ्टवर कडेला ढकलणारा जोर येतो. दात फिरवणाऱ्या जोराला हेलिक्स अँगलच्या टॅनने गुणलं की तो मिळतो. अँगल ३० अंश असेल तर सुमारे ५८ टक्के, २० अंश असेल तर ३६ टक्के जोर कडेला जातो. हा जोर बेअरिंग आणि थ्रस्ट वॉशर झेलतात.

इथे पोस्टरवरच्या गाड्या कामाला येतात. शेव्हरोलेच्या मन्सी या चार गिअरच्या गिअरबॉक्सचे एम-२०, एम-२१ आणि एम-२२ असे प्रकार होते. एम-२२ रेसिंगसाठी. त्यात दातांचा तिरपेपणा मुद्दाम कमी ठेवला, म्हणजे कडेचा जोर कमी आणि ताकद जास्त. पण आवाज इतका की लोकांनी त्याला 'रॉक क्रशर', म्हणजे दगड फोडणारा, असं नाव ठेवलं. एम-२१ आणि एम-२२ चा पहिला गिअर एकाच गुणोत्तराचा, २.२०. आता दोघांमधला एकेक गिअर घेऊन जोडी बनवली तर? भागाकार अगदी बरोबर येईल, पण दात एकमेकांना फक्त कोपऱ्यावर टेकतील आणि तिथूनच तुटतील. म्हणजे नुसते दात मोजून भागत नाही.

तिरपेपणा बघायची सोपी युक्ती: दातांच्या माथ्यावर स्टॅम्प पॅडची शाई लावा आणि गिअर कोऱ्या कागदावर सरळ रेषेत लोळवा. दातांचे तिरपे ठसे उठतात, कोनमापक लावून कोन वाचा. जोडीतला एक गिअर उजवा आणि दुसरा डावा हवा. हा कोन दाताच्या माथ्यावरचा असतो, पिच सर्कलवरचा थोडा कमी भरतो, आणि लहान गिअरमध्ये हा फरक जास्त दिसतो. तेवढं लक्षात ठेवून तुलना करावी.

धडा चौथा: शाफ्ट घासून बारीक करू नका

आता मामाजींच्या जीपकडे परत येऊ. तिसऱ्या वेळी नागपूरहून जो इंटरमिजिएट गिअर आणला तो शाफ्टवर जाईचना. व्हर्निअर लावला तर आमचा शाफ्ट भरला ३१.७५ मिमी, म्हणजे सव्वा इंच. या जातीच्या ट्रान्सफरमध्ये तीन पिढ्या आहेत. युद्धकाळातला शाफ्ट पाऊण इंचाचा (१९.०५ मिमी), १९४६ च्या सुमारास तो एक पूर्णांक एक अष्टमांश इंच (२८.५८ मिमी) झाला आणि १९५३ च्या सुमारास सव्वा इंच. आम्हाला मिळालेला गिअर मधल्या पिढीचा होता.

एका टर्नरने तोडगा सुचवला: "शाफ्ट घासून बारीक करून देतो, अर्ध्या तासाचं काम." स्वस्त आणि झटपट. मिस्त्री काका नाही म्हणाले. का, हे त्यांना आकड्यांत सांगता आलं नसतं, पण आपण सांगू शकतो. व्यास ३१.७५ वरून २८.५८ म्हणजे बरोबर ०.९ पट. शाफ्टची ताकद व्यासाच्या घनाप्रमाणे बदलते. ०.९ चा घन ०.७२९. म्हणजे फक्त तीन मिलिमीटर काढले की २७ टक्के ताकद गेली! आणि त्याहून वाईट पुढे आहे. हा शाफ्ट वरून कडक केलेला असतो, कारण गिअरच्या आतले बारीक रोलर थेट त्याच्यावर फिरतात. बाजूने दीड मिलिमीटर घासलं की तो कडक थर निघून जातो आणि रोलर मऊ लोखंडावर फिरू लागतात. थोड्याच दिवसांत शाफ्टवर नाल्या पडतात, गिअर वाकडा चालतो आणि दात पुन्हा तुटतात.

बेअरिंगचीही हीच गोष्ट. ६२०७ आणि ६३०६ ही दोन बेअरिंग घ्या. दोघांचा बाहेरचा व्यास ७२ मिमी, म्हणजे केसिंगमध्ये दोन्ही छान बसतात. पण आतलं भोक एकाचं ३५ आणि दुसऱ्याचं ३०, रुंदी एकाची १७ आणि दुसऱ्याची १९. (नंबरातल्या शेवटच्या दोन आकड्यांना ५ ने गुणलं की भोक मिळतं. व्हायव्हात हमखास विचारतात.) रुंदीतला दोन मिलिमीटरचा फरक कोणी वॉशर घालून भरून काढला की शाफ्ट कडेला सरकतो आणि मग 'दुसरा गिअर निसटतो' ही तक्रार सुरू होते. गिअर निसटण्याची कारणं आणखीही असतात, जसे सिलेक्टरच्या गोळीची दमलेली स्प्रिंग, घासलेले डॉग दात, झिजलेले थ्रस्ट वॉशर. पण आधी शाफ्ट किती पुढेमागे होतो ते मोजावं, मग बाकीच्यांवर आरोप करावा.

धडा पाचवा: गुन्हेगार दुसऱ्याच डब्यात असतो

योग्य शाफ्टचा गिअर मिळाला. पण मामाजींचा मूळ प्रश्न बाकीच होता: गिअर तुटतो कशाने? मिस्त्री काकांनी मामाजींना बसवून पोलिसासारखी चौकशी केली. त्यातून तीन गोष्टी बाहेर आल्या. एक, गाडी फोर व्हीलमध्ये टाकली की ट्रान्सफरचा दांडा परत निघत नाही, थोडी रिव्हर्स घेतल्यावर सुटतो. दोन, पूर्वीपेक्षा चढाला गाडी दमते, पण डांबरी रस्त्यावर मोकळी पळते. तीन, मीटरवर चाळीस दिसतं तेव्हा शेजारून चालणारा मोटरसायकलवाला चव्वेचाळीस सांगतो. आणि मग चौथी, जी कोणी महत्त्वाची मानलीच नव्हती: तीन वर्षांपूर्वी मागचा अ‍ॅक्सल मोडला होता, तेव्हा लिलावातल्या एका जीपचा 'सेम टू सेम' अ‍ॅक्सल त्याच गॅरेजने बसवला होता.

इथे माझ्या डोक्यात दिवा लागला. युद्धकाळातल्या जीपच्या अ‍ॅक्सलचं गुणोत्तर ४.८८ आणि नागरी जीपचं ५.३८. क्राऊनचे दात अनुक्रमे ३९ आणि ४३. पिनियनचे दात दोन्हीकडे ८ च! म्हणजे पिनियन मोजून काहीच कळणार नाही, आणि क्राऊन बंद डब्यात.

डबा न उघडता तपासायची रीत सांगतो. जमीन सपाट हवी. ज्या चाकाचं काम करायचं तेवढंच एक उचला आणि बाकीच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. हे फार महत्त्वाचं, कारण जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफरच्या मागे प्रोपेलर शाफ्टवर असतो आणि या तपासणीसाठी तो सोडावा लागतो. नुसत्या जॅकच्या भरवशावर राहू नका, खाली लाकडी ठोकळा हवाच. ट्रान्सफर न्यूट्रलमध्ये टाका. चाकावर आणि शाफ्टवर खडूची खूण करा. उचललेलं चाक २० वेळा फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. दुसरं चाक जमिनीवर स्थिर असल्याने डिफरन्शियलमुळे क्राऊन निम्मा, म्हणजे १० वेळा फिरतो. शाफ्टचे फेरे ५३ आणि वर पाऊण आले तर गुणोत्तर ५.३८. ४८ आणि वर पाऊण आले तर ४.८८. पूर्ण पाच फेऱ्यांचा फरक, चुकायला जागाच नाही.

पुढे आले ५३ आणि पाऊण. मागे आले ४८ आणि पाऊण.

मामाजींच्या चेहऱ्यावर काय भाव होते ते लिहीत नाही. गणित मात्र लिहितो. या जीपमध्ये फोर व्हील टाकलं की पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधले जातात, मध्ये डिफरन्शियल नसतं. शाफ्ट १००० फेरे फिरले की पुढची चाकं १८६ फेरे घ्यायला बघतात आणि मागची २०५. म्हणजे पुढची चाकं १०० मीटर जातात तेवढ्यात मागच्यांना ११० मीटर जायचं असतं. गाडी एकच, मग हे १० मीटर जाणार कुठे? चिखलात चाकं घसरून हिशोब फिटतो. पण नाल्यातल्या खडकावर किंवा पुढे लागलेल्या पक्क्या रस्त्यावर घसरायला जागा नसते. सगळा पीळ शाफ्ट, क्रॉस आणि ट्रान्सफरच्या दातांत साठत जातो. दांडा अडकत होता तो याच पिळाने, आणि दात तुटत होते तेही. बिचाऱ्या गिअरचा दोष काहीच नव्हता.

बाकी लक्षणंही चोख जुळली. मीटरची केबल ट्रान्सफरवरून निघते, चाकावरून नाही. म्हणून मागचं गुणोत्तर ५.३८ चं ४.८८ झालं की गाडी मीटरपेक्षा १० टक्के पुढे पळते: ४० चे ४४. आणि चाकावरची ओढ सुमारे ९ टक्के कमी होते, म्हणून चढाला दम लागतो. लो गिअरमध्ये पहिला टाकला की जीपचं एकूण गुणोत्तर ३६ च्या आसपास जातं (२.७९८ × सुमारे २.४ × ५.३७५), तिची चिखलातली जी ताकद आहे ती यातच आहे. मागचा अ‍ॅक्सल बदलून त्यातलाच वाटा कमी केला गेला होता.

उपाय म्हणून ४३-८ च्या जोडीचा पूर्ण मागचा अ‍ॅक्सल शोधला. या वेळी पैसे देण्याआधी दुकानाच्या अंगणातच एक बाजू धरून दुसरी २० वेळा फिरवली, पिनियनचे फेरे मोजले आणि मगच गाडीत टाकला. दुकानदार म्हणाला, असं मोजून घेणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघितलं!

नुसते क्राऊन-पिनियन विकत घेणाऱ्यांसाठी एक सूचना. ती जोडी कारखान्यात एकत्र फिरवून, घासून तयार केलेली असते. दोघांवर जुळणारे नंबर कोरलेले असतात. एका जोडीचा क्राऊन आणि दुसऱ्या जोडीचा पिनियन कधीही घेऊ नका. आणि ४३ ला ८, ३९ ला ८ असे विचित्र आकडे का, सरळ ४० ला ८ का नाही? कारण ४३ आणि ८ ला सामाईक विभाजक नाही. त्यामुळे पिनियनचा प्रत्येक दात क्राऊनच्या प्रत्येक दाताला भेटतो आणि झीज सगळीकडे सारखी होते. ४० ला ८ असते तर ठरावीक दातच ठरावीक दातांना आयुष्यभर भेटत राहिले असते. एखादा दात खराब निघाला की त्याचे तेवढेच साथीदार खराब झाले असते.

खरेदीला जाताना

शेवटी, जे मी वहीत लिहून ठेवलं आहे ते तुमच्यासाठी:

१. जुना पार्ट सोबत न्या. 'त्या मॉडेलचा द्या' असं सांगू नका. मॉडेल एक असलं तरी आतले भाग दुसऱ्या घरचे असू शकतात.
२. दात, स्प्लाइनच्या खाचा, व्यास, रुंदी हे चार आकडे लिहून न्या. क्लच प्लेट घेताना खाचा जरूर मोजा. मन्सी गिअरबॉक्समध्ये सुरुवातीला इनपुट शाफ्टला १० खाचा होत्या, १९७१ पासून २६ झाल्या. नाव तेच, प्लेट मात्र वेगळी.
३. एक गिअर तुटला तर त्याचा जोडीदारही तपासा. झिजलेल्या दातांवर कोरा गिअर लावला तर तो जुन्याचा आकार घेतो, आणि तोही लवकर जातो.
४. फोर व्हील गाडीत पुढचं आणि मागचं गुणोत्तर सारखं हवं, तसेच चारही टायर एका मापाचे हवेत. टायरवर खडूची खूण करून एक फेरा जमिनीवर मोजा.
५. तेलही जुळलं पाहिजे. पितळी सिंक्रो रिंग असलेल्या गिअरबॉक्समध्ये जीएल-४ दर्जाचं तेल. जीएल-५ मधली जास्त जहाल द्रव्यं पितळेला खाऊ शकतात. ते क्राऊन-पिनियनसाठी ठीक.
६. पार्ट पुन्हा पुन्हा त्याच जागी तुटत असेल तर पार्ट बदलणं थांबवा आणि शेजारच्या डब्यात बघा.
७. काय बदललं, कधी बदललं, किती दातांचं, हे सगळं एका वहीत लिहून गाडीतच ठेवा. इंजिन बदलायचं असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी घेऊन आरसीवर नोंद करावी लागते. अ‍ॅक्सलची आणि गिअरबॉक्सची नोंद मात्र आपण स्वतःच ठेवली तर राहते.

आपल्याकडे लग्नाआधी पत्रिका बघतात. त्यात किती तथ्य आहे यावर हॉस्टेलमध्ये रात्रभर वाद होऊ शकतो. पण गिअरच्या बाबतीत पत्रिका बघायलाच हवी: दातांची संख्या, पिच, प्रेशर अँगल, हेलिक्स अँगल, शाफ्टचा व्यास. इथे छत्तीस गुणांपैकी अठरा जुळले तरी चालतं असं नाही, सगळेच जुळावे लागतात.

मामाजींच्या जीपने त्यानंतर एक पूर्ण पावसाळा काढला. दांडा एकदाही अडकला नाही आणि ट्रान्सफर उघडायची वेळ आली नाही. मिस्त्री काकांनी माझ्याकडून खडू आणि २० फेऱ्यांची रीत लिहून घेतली, मी त्यांच्याकडून दांडा अडकण्यावरून पीळ ओळखायला शिकलो. कोणाच्या घरी अशी जुनी जीप असेल आणि तिचा एखादा पार्ट सारखा तुटत असेल तर दिवाळीच्या सुट्टीत घरी जाताना एक व्हर्निअर आणि खडूची एक कांडी बॅगेत टाका. व्हर्निअर वर्कशॉपच्या सरांना विचारून, रजिस्टरमध्ये सही करूनच न्या म्हणजे झालं!